नावं दे, रोल घे

"याला दोऱ्याचं जानवं नको. पेन्सिलीने काढ."

काकू मेकअपच्या टेबलापाशी उभ्या होत्या आणि मी उघड्या अंगाने त्यांच्यासमोर. अ‍ॅशबर्नजवळच्या एका अमेरिकन हायस्कूलचं ऑडिटोरियम. बाहेर लोक जमायला लागले होते. भटजीचं काम करणारा नट तापाने पडला म्हणून ऐन वेळी ते काम माझ्या गळ्यात आलं होतं. संवाद मला पाठ होते. मला सगळ्यांचेच संवाद पाठ असायचे. बाकी तीन नटांच्या अंगावर खरी सुती जानवी होती. काकूंनी ती घरून, देवघरातल्या डब्यातून आणली होती. चौथं त्यांच्या हातात होतं. माझ्याकडे बघून त्यांनी ते परत पर्समध्ये ठेवलं.

मेकअप करणारी मुलगी इथेच जन्मलेली. तिला काहीच कळेना. ती म्हणाली, "बट काकू, देअर इज वन मोअर."

"तुला नाही कळायचं ते, बेटा. यू जस्ट ड्रॉ."

तिने पांढऱ्या पेन्सिलीने माझ्या डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत रेघ ओढली. गार लागली. कोणीतरी फिदीफिदी हसलं. मग सगळे हसले. मीही हसलो. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं खोटं ठरेल. मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो.

दुसऱ्या अंकात घामाने ती रेघ ओघळली. मी हात छातीवर आडवा धरून उरलेला अंक काढला. शेवटी टाळ्या पडल्या. त्या घेऊन मी घरी गेलो आणि भांडी घासायच्या घासणीने छाती घासत बसलो. रक्त आलं तेव्हा थांबलो.

मी नागपूरचा. बाबा पोस्टमन. दिवसभर सायकलवर टपाल वाटायचे आणि वस्तीत जलसा असला की पेटी वाजवायचे. नऊ वर्षांचा असताना मी त्या जलशात पहिल्यांदा उभा राहिलो. लाकडी पलंग जोडून केलेलं स्टेज. त्याच्यावर मी राजा झालो, वकील झालो, एकदा तर टोपी घालून गोरा साहेब झालो. कोणी आडनाव विचारून काम दिलं नाही. पुढे इंजिनीअर झालो, अमेरिकेत आलो, डेटा सेंटरमध्ये लागलो. आठवडाभर सर्व्हर थंड ठेवायचे आणि शनिवार-रविवार विनयकाकांच्या बेसमेंटमध्ये तालीम करायची. यथावकाश इथला नागरिकही झालो.

विनयकाका म्हणजे त्या काकूंचे यजमान. दिग्दर्शक तेच, निर्माते तेच, मुख्य भूमिकेतही तेच. इथपासून खाली नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीपर्यंत कुठल्याही मराठी मंडळाला नाटक ठरवायचं असलं की आधी फोन काकांना जायचा. सहा वर्षं त्यांच्याकडे काम केलं. काय काय कामं? गडी. हवालदार. वॉचमन. गडी. बँकेतला शिपाई. परत गडी. मी एकदा म्हटलं, "काका, कधीतरी घरातला माणूस द्या ना." ते म्हणाले, "अरे, तुझ्या चेहऱ्यात मातीचा वास आहे. ते टॅलेंट वाया नको घालवू."

तिकडे कॅमेऱ्यासमोरही निराळं नव्हतं. मला एक एजंट मिळाला. त्याने मला टॅक्सीवाला केलं, दुकानातला कॅशियर केलं, अतिरेकी केलं. एका मालिकेत मी तोंड उघडायच्या आत गोळी खाऊन मेलो. आईने नागपुरात ते सगळ्या आळीला बोलावून दाखवलं. तरी मी चिकटून राहिलो, कारण दुसरं काही मला येतच नाही. पोटापुरतं पगाराचं काम येतं, पण मी जगतो ते यावरच. आणि मग एका मराठी निर्मात्याच्या इंग्रजी सिनेमात मला नायकाच्या भावाचं काम मिळालं. घरातला माणूस! करारावर सह्या झाल्या. मी तीन दिवस आरशासमोरून हललो नाही.

त्याच महिन्यात शेजारच्या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, जनसुनावणी होती. ज्यांवरून भेदभाव करायचा नाही अशा गोष्टींच्या यादीत 'जात' हा शब्द घालायचा की नाही, यावर. आम्ही सात जण पब्लिक लायब्ररीच्या एका खोलीत जमलो आणि कोणी काय बोलायचं ते ठरवलं. त्यात एक मुलगी होती. तिचं नाव मी इथेही लिहिणार नाही, आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. पुण्याला शिकलेली, इथे मास्टर्स केलेली, आणि आता एका कंपनीत शिकाऊ म्हणून लागलेली. आडनाव कळल्यावर तिच्या रूममेट मुलींनी तिची कढई वेगळी केली होती. फ्रिजचा खालचा कप्पा तिचा, आणि त्याच्यावर टेप लावलेली. ती फोनवरून बोलणार होती, नाव न देता. कारण तिची कंपनी विनयकाकांच्या साडूंची. नोकरी गेली की व्हिसा गेला. मला कोणी हाकलू शकत नाही. तिला एका ईमेलने हाकलता येतं.

प्रत्येकाला दोन मिनिटं होती. मी पेन्सिलीच्या जानव्याची गोष्ट सांगितली. काकांचं नाव घेतलं नाही. ज्यांना सहा वर्षं काका म्हटलं त्यांचं नाव माइकवर घ्यायला जीभ रेटेना. मला वाटलं, ही माणुसकी आहे. आता वाटतं, ती जुनीच सवय होती.

संध्याकाळपर्यंत माझा व्हिडिओ सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर. "यांना डोक्यावर बसवलं की हे असंच." "अमेरिकेत आणून पण सुधारले नाहीत." मला कोणी आणलं नव्हतं, मी माझ्या तिकिटाने आलो होतो. पण ते कोणाला सांगणार?

त्यानंतर कोणी मला काढलं नाही. कोणी शिवी दिली नाही. फक्त फोन बंद झाले. तालमीची वेळ मला न कळवता बदलली. कॅरीचा प्रयोग 'कॅन्सल' झाला आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्याच गड्याला घेऊन पार पडला. सिनेमाच्या निर्मात्याचं पत्र आलं की गोष्ट बदलली आहे, नायकाला आता भाऊच नाही. मग रेडमंडमधल्या एका मित्राने मला फोटो पाठवला. मराठी मंडळांच्या वार्षिक अधिवेशनाच्या नाट्यसमितीची यादी होती ती. वर लिहिलेलं, 'यांना घेऊ नये'. खाली चार नावं. पहिलं माझं. मित्राने लिहिलं होतं, "यार, मी पाठवला हे कोणाला सांगू नको प्लीज."

दोन वर्षं मी स्टेजवर चढलो नाही. नटाचं काय होतं ते तुम्हाला कसं सांगू. मी गाडी चालवताना संवाद म्हणायचो. सर्व्हरच्या थंड खोलीत, हेडफोन लावून, पंख्यांच्या घरघरीत अख्खे अंक म्हणायचो. एकदा एका सिक्युरिटी गार्डने येऊन विचारलं की मी बरा आहे ना. मी बरा नव्हतो.

आणि मग विनयकाकांचा फोन आला. कॉफी प्यायला बोलावलं.

"झालं गेलं विसरू," ते म्हणाले. "अधिवेशनात नाटक आहे. तू हवास. सिनेमावाल्याशीपण बोललोय मी. पुढच्या फिल्ममध्ये सेकंड लीड. तुझ्यासाठी शब्द टाकलाय."

माझे डोळे भरून आले. लाज वाटते, पण आले. मी त्यांच्या पाया पडायला वाकणारच होतो, तेवढ्यात त्यांनी कागद पुढे सरकवला. माझ्या नावाने लिहिलेलं छापील पत्र. मला शिकवून पाठवलं होतं, मी सांगितलेली घटना घडलीच नव्हती, आणि मला तयार करणाऱ्या व्यक्ती खालीलप्रमाणे. खाली सहा रिकाम्या ओळी.

"नावं दे, रोल घे. सिंपल आहे," काका म्हणाले. "ती फोनवरची मुलगी कोण, ते आधी लिही. बाकीचे आम्ही शोधले तरी चालेल."

मी पत्र फाडलं नाही. तोंडावर फेकलं नाही. घडी घालून बॅगेत ठेवलं आणि म्हटलं, "विचार करतो, काका." घरी येऊन पेन घेतलं. पहिल्या ओळीवर तिच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं. मग ते अक्षर मी कागद फाटेपर्यंत खोडलं. पण लिहिलं होतं. हे ती वाचेल, तरी सांगतो.

तालमी सुरू झाल्या. सही नंतर कर, आधी कामाला लाग, असं काकांनी सांगितलं. मी गडी, ते मालक. दुसऱ्या अंकात मालक गड्याला थोबाडीत मारतो. आता स्टेजवरची थोबाडीत कशी असते ते सांगितलं पाहिजे. मारणाऱ्याचा हात गालापासून चार बोटं दुरून जातो. लागत नाही. मार खाणारा त्याच वेळी, प्रेक्षकांना दिसणार नाही असा, छातीशी स्वतःचे हात एकमेकांवर आपटतो. आवाज तो. मारणारा नुसता हात फिरवतो, आवाज काढायचं काम मार खाणाऱ्याकडे असतं. सहा वर्षांत मी ते काम चोख केलं होतं.

पहिल्याच तालमीत हात लागला. गाल पेटला.

"लागलं का रे? सॉरी, फ्लोमध्ये गेलो."

दुसऱ्या तालमीत परत. तिसऱ्या तालमीत दात ओठात घुसला. मी थुंकलो तेव्हा फरशीवर रक्त पडलं आणि काकूंनी लगेच पेपर टॉवेल आणून दिला. "कार्पेटवर नको हं," त्या म्हणाल्या. मी काकांना बाजूला घेऊन म्हटलं, "काका, तुमचा हात लागतोय." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "सही केलीस की आपोआप लांबून जाईल."

मग रोज. कधी गालावर, कधी कानशिलावर, एकदा मानेवर. बाकीचे नट त्या वेळी संहितेत डोकं घालून बसायचे. त्यातला एक माझ्याच ऑफिसातला, रोज एका टेबलावर जेवणारा. त्याला मी विचारलं, "तुला दिसतंय ना?" तो म्हणाला, "अरे सोड ना यार, आर्टिस्टिक आहे ते."

मी का जात राहिलो? सेकंड लीडसाठी. खोटं कशाला बोलू. सुजलेला गाल घेऊन मी ऑडिशनचे व्हिडिओ करायचो आणि सुजलेली बाजू अंधारात ठेवायचो. प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्या मुलीचा मेसेज आला. "दादा, नाटक मिळालं ना परत? इतका आनंद झाला. मी येणार आहे बघायला, मागच्या रांगेत बसेन." मी फोन पालथा ठेवला आणि संवाद म्हणायला बसलो.

अधिवेशनाचं सभागृह. दुपारची वेळ. रेशमी साड्या, झब्बे, नथी. धोतर आणि बंडी घालून मी विंगेत उभा. काकांनी जवळ येऊन विचारलं, "आणलंस पत्र?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "बरं."

दुसरा अंक. मी त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा. त्यांचा हात आला आणि डाव्या कानावर बसला. पूर्ण ताकदीने. डोक्यात शिट्टी वाजली. एकच बारीक, लांब शिट्टी. मग कानातून काहीतरी कोमट मानेवर उतरलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

संहितेत एकच थोबाडीत होती. काकांनी दुसरी मारली. तोंड माझ्या तोंडाजवळ आणून, ओठ न हलवता म्हणाले, "नाव."

इथे माझा संवाद होता. 'चुकलं, मालक.' आणि मी पायावर पडायचं होतं. मी पडलो नाही. तिसऱ्यांदा हात वर गेला तो मी मनगटात धरला. उजव्या कानाने मला शांतता ऐकू आली. मी मोठ्याने म्हटलं, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं.

"नाव मिळणार नाही."

लोकांना वाटलं, नाटक आहे. अख्खं सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं. मला आयुष्यात तेवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. काकांचा चेहरा मात्र नाटकातला राहिला नाही. त्यांनी पायातली वहाण काढली आणि माझ्या तोंडावर मारली. एकदा, दोनदा. "दाखवलीस ना जात? दाखवलीस शेवटी!" हे वाक्य संहितेत नव्हतं. माइक चालू होता.

मग मी मारलं. मुठीने. नाकावर. हाड मोडलेलं माझ्या हाताला कळलं. ते मागे खोट्या भिंतीवर आदळले, भिंत कोसळली, आणि मी त्यांच्या छातीवर बसून परत मारलं. किती वेळा ते मला माहीत नाही. माझ्या हातात सहा वर्षं होती. बाबांनी मला कोणावर हात उगारायला शिकवलं नव्हतं. मला त्या मारण्याचा अभिमान नाही. पण पश्चात्ताप आण म्हणाल तर तोही येत नाही.

पडदा पडला. पडद्यामागे चौघांनी मला खाली दाबलं. एकाने बरगड्यांत लाथा घातल्या. तो माझ्याबरोबर जेवणाराच होता. पोलीस आले तेव्हा मी फरशीवर पालथा, धोतर सुटलेलं, कानातून रक्त वाहतंय. त्यांनी विचारलं, सुरुवात कोणी केली? सगळ्यांची बोटं माझ्याकडे. मी म्हटलं, याने मला सगळ्यांसमोर तीनदा, चारदा मारलं. पोलिसाने सभागृहाकडे बघितलं. शेकडो माणसं होती. पण नाटकात खाल्लेल्या माराला साक्षीदार कुठला? काकू शांतपणे म्हणाल्या, "दॅट वॉज द सीन, ऑफिसर." मला बेड्या घालून बाहेर नेलं. धोतरातला माझा तो फोटो संध्याकाळी सगळ्या ग्रुपांवर फिरला.

कानाचा पडदा फाटला. डॉक्टर म्हणाले, भरून येईल कदाचित, ऐकू पूर्ववत येईल की नाही सांगता येत नाही. एजंटने दुसऱ्या दिवशी माझं नाव त्याच्या पानावरून काढलं. नोकरी अजून आहे. खटला चालू आहे.

तीन आठवड्यांनी माझी आणि काकांची गाठ वकिलाच्या ऑफिसात पडली. काकांच्या नाकावर पट्टी होती. ते वकिलांकडे न बघता थेट माझ्याशी मराठीत बोलले. "हे बघ, मी तक्रार मागे घेतो. तुझ्यावर डाग राहणार नाही. तू चांगला नट आहेस, अजून वेळ गेलेली नाही. सहाही नकोत मला. एकच सांग. ती मुलगी."

टेबलावर तेच पत्र. नवीन प्रिंट. आता एकच रिकामी ओळ. माझ्या वकिलाला भाषा कळत नव्हती, तरी तो कानाशी येऊन पुटपुटला, उजव्या कानाशी, की अशी ऑफर परत येत नाही. त्याचं खरं होतं. त्या ओळीच्या पलीकडे माझा सिनेमा होता, मंडळं होती, आईला दाखवायचा माझा चेहरा होता. मी सगळं नीट बघून घेतलं. मला ते हवं होतं. आजही हवं आहे.

मी कागद उलटा केला आणि त्यांच्याकडे सरकवला.

"विचार करून सांग," ते म्हणाले.

"केला," मी म्हटलं. "तुम्हाला ती मुलगी मिळणार नाही. माझ्या तोंडून नाही."

"मग कोण उभं करील तुला? अमेरिकेत एक स्टेज नाही मिळणार."

मी उठलो. खुर्ची मागे पडली, ती उचलून जागेवर ठेवली आणि बाहेर आलो. पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडून बसलो तेव्हा मात्र ढसाढसा रडलो. मी संपलो होतो, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं. त्यांनी खोटी धमकी दिलेली नव्हती. तेव्हापासून एकही फोन आलेला नाही आणि येणारही नाही.

ती मुलगी अजून त्याच कंपनीत आहे. त्या दिवशी ती मागच्या रांगेत होती, तिने सगळं पाहिलं. मला म्हणाली, "दादा, मी साक्ष देते ना." मी म्हटलं, "तुझे व्हिसाचे कागद झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हा माझा हुकूम समज." ती चिडली. चिडू दे.

काउंटीने मागच्या वेळी निर्णय लांबणीवर टाकला होता. पुढच्या महिन्यात परत सुनावणी आहे. मी नाव नोंदवलं आहे. दोन मिनिटं मिळतात. मागच्या वेळी त्यातला अर्धा वेळ मी कोणालाही न दुखवण्यात घालवला. या वेळी तसं होणार नाही. पेन्सिल कोणी काढायला लावली, यादी कोणी केली, वहाण कोणी मारली, सिनेमा कोणाच्या फोनने गेला, लाथा कोणी घातल्या. प्रत्येकाचं नाव आणि आडनाव, माझ्या मोठ्या, कमावलेल्या आवाजात. सरकारी दप्तरात उतरेल असं. काकांना नावं हवी होती. मी घेणार आहे. पहिलं त्यांचं, आणि नावापुढे काका लावणार नाही.